‘मामा, मी न बघितलेल्या कामावर सही करू काय?’

हँगर_खानापूर
सोमवार, रात्री ९:५०

गेल्या आठवड्यात पहाटे साडेचारला फोन वाजला. त्या वेळी फोन वाजला की गावाकडं कुणाचं तरी बरं नाही, हेच आधी मनात येतं. फोन भाच्याचा होता, आवाज एकदम दबका. "मामा, मी न बघितलेल्या कामावर सही करू काय?"

भाचा बेळगावचा, अनगोळात वाढलेला. विमान देखभालीचं शिक्षण घेऊन सहा महिन्यांपूर्वी एका ठिकाणी शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून लागलाय. ठिकाणाचं नाव सांगणार नाही, कृपया कुणी विचारू नये. झालं असं, की विमानाच्या चाकाच्या कप्प्यातला एक हायड्रॉलिक पाइप बदलला होता. पाइपच्या टोकाचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराला आवळायचा आणि मग जॉब कार्डावर तो आकडा, टॉर्क रेंचचा (जोर मोजणाऱ्या पान्याचा) नंबर आणि करणाऱ्याची सही चढवायची, अशी रीत. ज्या पोरानं नट आवळला तो शिफ्ट संपवून घरी गेला आणि कार्डावरची ती ओळ कोरीच राहिली. त्याचा फोन बंद. विमान सहाला सुटायचं. शिफ्टचे साहेब भाच्याला म्हणाले, "तू शेजारीच होतास की. मार सही. केलंयच त्यानं." नटावर लाल रेघही मारलेली होती.

मी म्हटलं, नाही करायची. त्यानं केली नाही. विमान उशिरा गेलं. तेव्हापासून साहेब त्याच्याशी धड बोलत नाहीत, आणि घरी दाजी म्हणतात, "सहा महिने झाले नाहीत नोकरीला, एवढा ताठा कशाला? एक सहीच तर होती." माझी बहीण मधल्या मधी रडकुंडीला आलीय.

मी बावीस वर्षं या कामात आहे. लायसन्स माझ्याकडं आहे, विमान सोडताना शेवटची सही मी करतो. भाच्याची सही त्याच्या कितीतरी खालची, ‘हे काम मी केलं’ एवढंच सांगणारी. पण माझी सही उभी असते ती अशाच खालच्या वीस-पंचवीस सह्यांवर. मी प्रत्येक नट बघायला वाकू शकत नाही. कार्ड वाचतो आणि त्या पोरांवर विश्वास ठेवतो.

लाल रेघेचं आधी सांगतो, कारण भाचाही तिथंच अडखळला होता. नट आणि फिटिंग या दोन्हींवरून जाणारी ती रेघ एवढंच सांगते, की रेघ मारल्यापासून नट हललेला नाही. आवळला किती, कुठल्या रेंचनं, त्या रेंचची कॅलिब्रेशनची (माप बरोबर दाखवतो का, या तपासणीची) मुदत संपली होती का, यातलं काहीच ती सांगत नाही. हातानं घट्ट केलेल्या नटावरसुद्धा रेघ तितकीच छान दिसते.

आणि मागच्या शिफ्टचं तोंडी सांगणं. ११ सप्टेंबर १९९१ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्राएर १२० हवेत मोडून पडलं, १४ माणसं गेली. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचं काम काढलं होतं. संध्याकाळच्या शिफ्टनं डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू काढून ठेवले. रात्रीच्या शिफ्टला ते कळलंच नाही, कारण कार्डावर कुणी लिहिलं नव्हतं. त्यांनी उजवी बाजू पुरी केली आणि विमान सोडलं. डावी कड खालच्या स्क्रूंवर तेवढी धरून होती. ते सकाळी एकदा उडून सुखरूप उतरलंसुद्धा! दुसऱ्या फेरीत ती कड निघाली. स्क्रू काढणारी माणसं कामचुकार नव्हती हो, मदत करत होती. एक ओळ लिहायची राहिली, बस्स.

भाचा हा धागा वाचणार आहे. इथं वायुदलातले, उद्यमबागेतल्या कारखान्यांतले, हत्तरगीला विमानाचे भाग करणारे लोक आहेत. माझं तो रोज ऐकतो. तुमचंही त्याच्या कानावर पडू दे.


सांबरा_निवृत्त
सोमवार, रात्री १०:३५

खानापूरकर, तुमच्या भाच्याला माझा आशीर्वाद कळवा.

मी वायुदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम करणारा होतो. सुरुवातीचं ट्रेनिंग आपल्या बेळगावजवळच्या सांबऱ्यालाच झालं. ही धावपट्टी १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात झालेली, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना ते दिवस आठवत असत. पहिल्या महिन्यात आम्हाला हत्यार कमी आणि फॉर्म ७०० जास्त शिकवला असं तेव्हा वाटायचं. विमानाचं ते रजिस्टर. पायलट ते वाचून सही करतो, मगच शिडी चढतो. आमच्या इन्स्ट्रक्टरनी एकदा एका पोराला पूर्ण दिवस नुसतं तेच रजिस्टर वाचत बसवलं होतं. संध्याकाळी विचारलं, या विमानाला गेल्या महिन्यात काय काय झालं सांग. पोरगं घडाघडा बोललं. ते विमान त्यानं डोळ्यानं पाहिलेलं नव्हतं.

हत्यारांच्या फळ्याबद्दल सांगतो. फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. पाना काढला की तिथं टोकन लावायचं. काम संपलं, एक आकृती रिकामी दिसली, की विमान हलत नाही. पुढं एका तळावर असताना एका रात्री बोटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर सापडेना. आम्ही अकरा जणांनी कॉकपिटची सीट काढली, फरशीची पॅनलं काढली, सगळं रान उठवलं. सापडला तो एका कॉर्पोरलच्या ओव्हरऑलच्या फाटक्या खिशात, अस्तरात गेलेला. कुणी त्याला बोललं नाही. त्यानं स्वतःहून ‘माझ्याकडं होता’ म्हणून लिहून दिलं.


निपाणीचा_वाचक
मंगळवार, सकाळी ७:१५

माझा या क्षेत्राशी संबंध नाही, पण विमान अपघातांचं बरंच वाचलंय, म्हणून मनातलं सरळ विचारतो. भाच्यानं चूक केली असं मला म्हणायचं नाही.

कागदावर एवढा भर दिला की माणसं कागदासाठी काम करायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत वजनाच्या चार-चार नोंदी होत्या. शेवटी एकच माणूस बसून चारही वह्या भरायचा. पंचवीस सह्या मागितल्या तर पंचविसाव्या सहीला माणूस न बघताच पेन टेकवणार.

दुसरं. २५ मे २००२ ला चायना एअरलाइन्सचं ७४७ तैवानच्या समुद्रावर हवेतच तुटलं, २२५ लोक गेले. कारण निघालं १९८० मधलं. तेव्हा त्याची शेपटी हाँगकाँगच्या धावपट्टीला घासली होती आणि घासलेल्या भागाची दुरुस्ती चुकली होती. ओरखडे गेलेला पत्रा कापून टाकायला हवा होता, तर त्यावर दुसरा पत्रा नुसता जोडला. कागदावर मात्र दुरुस्ती नियमाप्रमाणं झाल्याचं लिहिलेलं. बावीस वर्षं कागद बरोबर आणि विमान चुकलेलं! मग कागदानं वाचवलं कुणाला?


हँगर_खानापूर
मंगळवार, दुपारी १:२०

निपाणीकर, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. वाईट आखलेलं कार्ड माणसाला खोटं बोलायला शिकवतं. आमच्याकडं एका कार्डावर तीन पायऱ्यांना मिळून एकच चौकोन होता. पहिली पायरी संध्याकाळी, तिसरी पहाटे, आणि माणसं वेगळी. सही कुणी करायची? आम्ही लिहून कळवलं, ते कार्ड बदललं. यंत्रणा सुधारायचा मार्ग हाच. चौकोन चुकीचा असला तरी त्यात खोटी सही कोंबून कुणाचं भलं होत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात मात्र तुम्ही माझंच म्हणणं मांडलंय. ती ओळ कोरी असती, किंवा ‘तात्पुरती दुरुस्ती, पत्रा कापलेला नाही’ असं कुणी खरं लिहिलं असतं, तर बावीस वर्षांत कुणीतरी ती फाइल उघडून थबकला असता. ‘नियमाप्रमाणं केलं’ एवढं वाचून प्रत्येकानं पान उलटलं. पत्र्याखालची चीर बाहेरून दिसत नव्हती, वरचा पत्रा तिला झाकून होता. खाली पत्र्यानं झाकलं आणि वर कागदानं. कोरी ओळ पुढच्या माणसाला हाक मारते, ‘इकडं बघ’ म्हणते. खोटी भरलेली ओळ त्याला दारातूनच परत पाठवते. पहाटे साडेचारला भाच्याला मी हेच सांगितलं होतं. ओळ कोरी आहे म्हणूनच तुला कळलं ना, की काहीतरी राहिलंय?

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. कर्नाटकातला पहाणी उतारा असो की पलीकडचा सातबारा, नाव गाळलं असेल तर माणूस चौकशी करतो. चुकीचं नाव चढलं की दोन पिढ्या तहसीलदार कचेरीत जातात, कारण प्रत्येक नवा साहेब म्हणतो, कागदावर तर आहे की.

कागद असून तो न बघितल्यानं काय होतं, तेही सांगतो. १० जून १९९०, ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. सतरा हजार फुटांवर पायलटच्या पुढची काच उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूनं त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउदम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसह सगळे वाचले. काच सत्तावीस तास आधी बदललेली होती, रात्री, एका अनुभवी शिफ्ट मॅनेजरनं एकट्यानं. त्यानं जुना बोल्ट हातात घेतला आणि त्याच्याशी नजरेनं जुळवून नवे आणले. पार्ट कॅटलॉग उघडला नाही. स्टोअरच्या माणसानं बरोबर नंबर तोंडानं सांगितला होता, तरी तो जुन्या बोल्टवरच गेला. ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंचानं कमी निघाला. उरलेले सहा आखूड होते.

त्यात मला सगळ्यात टोचणारी गोष्ट पुढची. तो ज्या जुन्या बोल्टशी जुळवत होता, तेसुद्धा कॅटलॉगप्रमाणं नव्हते. आधी कुणीतरी चुकीचे बसवले होते आणि तेवढ्यावर काच चार वर्षं टिकली होती. म्हणजे एकाच्या न लिहिलेल्या, न तपासलेल्या कामावर दुसऱ्यानं आपलं माप घेतलं.


उद्यमबाग_ओतकाम
मंगळवार, रात्री ८:०५

मी फौंड्रीवाला माणूस, विमानातलं काही कळत नाही. पण पंपाची केसिंग ओततो, ती परदेशात जाते, म्हणून सांगूलोय.

आमच्यात हीट नंबर असतोय. भट्टीतनं एका वेळी जेवढं लोखंड निघालं तेवढ्याला एक नंबर. तो नंबर प्रत्येक कास्टिंगवर उठवायचा, वहीत मालाचं प्रमाण लिहायचं, त्याच रसाचा टेस्ट बार ओतून ठेवायचा. मागं एकदा गिऱ्हाईकाचा मेल आला, एका केसिंगमध्ये भोकं निघालीत. पोटात गोळा आला. त्या महिन्याला आठशे नग गेले होते. वही काढली, हीट नंबर बघितला, त्या हीटचे नग अडतीस. तेवढेच परत मागवले. वही नसती तर आठशेच्या आठशे परत आले असते आणि माझ्या कारखान्याला कुलूप लागलं असतं. त्या दिवशी वही भरणाऱ्या म्हाताऱ्या मुकादमाला मी घरी नेऊन जेवायला घातलं.

विमानात पण असंच असतंय काय ओ? भाग कुठनं आला ते?


हँगर_खानापूर
मंगळवार, रात्री ८:५०

अगदी असंच, आणि त्याहून कडक. इंजिनातल्या टर्बाइनची चकती घ्या. तिला आयुष्य ठरवून दिलेलं असतं, इतकी उड्डाणं झाली की काढायची. वरून ती नव्यासारखी चकचकीत का असेना. मग ती कुठल्या विमानावर किती उड्डाणं फिरली याचा हिशोब जन्मापासूनचा लागतो. मधल्या एखाद्या काळाचा कागद हरवला तर चकती चांगली आहे म्हणून चालत नाही. आयुष्य उरलंय हे दाखवता येत नसलं तर लाखो रुपयांचा भाग भंगारात जातो. साध्या भागाबरोबरही तो वापरायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र येतं, आपल्याकडं सीए फॉर्म १ म्हणतात. ते नसेल तर स्टोअरवाला भाग आत घेत नाही, वेगळ्या कुलपात ठेवतो. रबरी रिंगांच्या पाकिटावर रबर कधी तयार झालं ती तारीख असते, सीलंटच्या डब्यावर बॅच आणि मुदत. ते सगळं कार्डावर उतरतं.

मुकादमांना माझा नमस्कार सांगा.


हत्तरगी_इन्स्पेक्टर
बुधवार, सकाळी ६:४०

रात्रपाळी करून आत्ता बसमध्ये बसलेय, संकेश्वरला उतरेपर्यंत लिहिते. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विमानभागांच्या कारखान्यांच्या विशेष आर्थिक क्षेत्रात) भागांची मापं तपासते. आमच्याकडं विमान येत नाही, विमानाचे तुकडे तयार होतात. प्रत्येक तुकड्याबरोबर राऊट कार्ड, म्हणजे त्यावरच्या कामांच्या पायऱ्यांचं कार्ड फिरतं.

मला भाषेबद्दल बोलायचंय, त्याचा विषय कुणी काढत नाही म्हणून. आमच्या लाइनवर हुक्केरी-गोकाकची कन्नड मुलं आहेत, चिकोडी-निपाणीची मराठी, आणि बाहेरून आलेली हिंदी बोलणारी. कार्ड इंग्रजीत. शिफ्ट बदलताना जो तो आपल्या भाषेत सांगतो आणि समोरचा मान हलवतो. एकदा एका मुलानं कन्नडमध्ये सांगितलं, "ಅದು ಆಗಿಲ್ಲ", म्हणजे ‘ते झालेलं नाही’.